वेष्टणावरच्या तीन मुली: चित्राचा अर्थ पायरीपायरीनं कसा वाचायचा

अमूल लोण्याची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी, पार्ले-जीच्या पुड्यावरची गोबऱ्या गालांची चिमुरडी आणि निरमाच्या पाकिटावर गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकमधली पोर. तिघी लहान आहेत, तिघी हातानं रेखाटलेल्या आहेत आणि कित्येक दशकं त्यांचं वय वाढलेलं नाही. पण यांतली एक उचलून दुसरीच्या जागी ठेवली, तर ग्राहक दुकानात थबकेल. अमूलची मुलगी कपडे धुण्याच्या पावडरीवर शोभणार नाही आणि निरमाची मुलगी बिस्किटावर पटणार नाही. का, ते नेमक्या शब्दांत सांगता येणं म्हणजे चित्राचं चिन्हमीमांसेच्या अंगानं केलेलं वाचन.

चिन्हमीमांसा म्हणजे चिन्हांना अर्थ कसा येतो याचा अभ्यास. फर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, पुस्तकरूपानं आली. त्यांतला एक विचार आपल्याला पुढे सतत लागणार आहे: चिन्हाला अर्थ येतो तो इतर चिन्हांपेक्षा असलेल्या त्याच्या वेगळेपणातून. वेष्टणावर मुलगी आहे, कारण तिथे मुलगा, आई, आजोबा, गाय किंवा नुसती अक्षरंही येऊ शकली असती आणि ती आली नाहीत. जे निवडलं त्याच्या अर्थात, जे निवडलं नाही त्याचाही वाटा असतो.

हा लेख उपयोजित कलेच्या आणि माध्यमांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच आपल्या लोणच्याच्या किंवा मसाल्याच्या धंद्यासाठी लोगो करून घेणाऱ्यांसाठीही आहे. डिझायनरनं समोर ठेवलेल्या तीन नमुन्यांवर “हा जरा बरा वाटतो” यापलीकडे बोलता यावं, हा त्याचा उपयोग. वही, पेन्सिल, चिकटपट्टी आणि थोडे कोरे कागद एवढं साहित्य पुरतं.

सुरुवातीची तयारी: चित्र एकटं घेऊ नका

ज्या चित्राचा अभ्यास करायचा, त्याच्याबरोबर त्याचे शेजारी गोळा करा. किराणा दुकानातल्या त्या फळीचा समोरून एक फोटो काढा. निरमा घेतलं तर सर्फ, व्हील, घडी हेही हवेत. पार्ले-जी घेतलं तर त्याच किमतीची बाकीची ग्लुकोज बिस्किटं हवीत. जमलं तर त्याच ब्रँडचं जुनं वेष्टणही शोधा. शेजाऱ्यांशिवाय वेगळेपण दिसत नाही, आणि वेगळेपण दिसलं नाही तर अर्थाबद्दल केलेलं बोलणं मनचं असतं.

चित्र कुठे, केवढं आणि किती वेळ दिसतं तेही नोंदवा. माहीमच्या चौकातलं होर्डिंग गाडीतून दोन-तीन सेकंद दिसतं. बिस्किटाचा पुडा चहा संपेपर्यंत समोर असतो. मग एक नेमका प्रश्न लिहा. “या लोगोचा अर्थ काय?” असा प्रश्न घेतला तर उत्तर कुठेही भरकटतं. “हे वेष्टण स्वस्त असूनही विश्वासाचं का वाटतं?” असा प्रश्न घेतला तर हाताला काहीतरी लागतं.

पहिली पायरी: डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा

ही पायरी सोपी वाटते म्हणून लोक ती टाळतात, आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. यादी करा, पण “निरागस”, “पारंपरिक”, “प्रीमियम”, “घरगुती” असे शब्द त्यात येऊ देऊ नका. हे शब्द निष्कर्ष आहेत आणि त्यांची वेळ अजून आलेली नाही.

“निरमाच्या पाकिटावर एक आनंदी, स्वच्छ मुलगी आहे” हे वाक्य नापास. “साधारण सहा-सात वर्षांची वाटणारी मुलगी, पांढरा, घेरदार फ्रॉक, घेर फुललेला, म्हणजे शरीर फिरत असावं” हे चालेल. तेही “वाटणारी” आणि “असावं” हे शब्द ठेवून, कारण वय आणि गती आपण ताडलेली आहे.

आकृत्या, रंग, अक्षरं, मांडणी, रिकामी जागा आणि ज्यावर छापलं आहे तो पदार्थ, अशा सहा रकान्यांत यादी विभागा. शेवटचा रकाना हमखास विसरला जातो. पार्ले-जीचा जुना मेणकागदाचा पुडा आणि आजचा प्लॅस्टिकचा पुडा यांवरचं चित्र जवळपास तेच असलं, तरी हाताला लागणारी वस्तू वेगळी आहे. तिचा आवाजही वेगळा आहे.

सातवा रकाना मी आग्रहानं जोडायला सांगेन: काय नाही. निरमाच्या त्या ओळखीच्या चित्रात बादली नाही, धुण्याचा दगड नाही, मळका कपडा नाही, धुणारी बाई नाही. कपडे धुण्याच्या पावडरीवर धुणंच नाही. ही नोंद इथे नुसती लिहून ठेवा. तिचं काय करायचं ते पुढे येईल.

दुसरी पायरी: प्रत्येक चिन्ह वस्तूशी कसं जोडलेलं आहे ते ओळखा

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यानं चिन्ह आणि वस्तू यांच्यातल्या नात्याचे तीन प्रकार सांगितले. काही चिन्हं वस्तूसारखी दिसतात: नकाशा, व्यक्तिचित्र, शौचालयाच्या दारावरची बाईची आकृती. काही चिन्हं वस्तूमुळे घडलेली असतात: डोंगरावरचा धूर आगीची खूण, ओल्या मातीतला ठसा पायाची खूण. न्यायशास्त्रातल्या अनुमानाचं ठरलेलं उदाहरणही धुराचंच आहे. तिसऱ्या प्रकारची चिन्हं केवळ रूढीनं ठरलेली असतात: अक्षरं, वाहतुकीचे नियमदर्शक फलक, रुपयाचं चिन्ह. यांना अनुक्रमे सादृश्यचिन्ह, खूण आणि संकेत म्हणू.

एकच गोष्ट एकाच वेळी तिन्ही असू शकते, आणि ब्रँडच्या चित्रांत हे सतत घडतं. निरमाच्या मुलीचा फ्रॉक फ्रॉकसारखा दिसतो, म्हणून सादृश्य. पण त्याचं खरं काम खुणेचं आहे. तो पांढराशुभ्र आहे, म्हणजे त्याला धुतलं गेलं आहे, म्हणजे पावडरीनं आपलं काम केलं आहे. धुणं चित्रात नाही, धुण्याचा परिणाम आहे. सातव्या रकान्यातली नोंद इथे उपयोगी पडली.

पार्ले-जीच्या मुलीबद्दल वर्षानुवर्षं चर्चा चालते: ती खरी कोण? नागपूरच्या एका बाईंचा लहानपणीचा फोटो आहे, अशी एक आवृत्ती समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरते. कंपनीनं स्पष्ट सांगितलेलं आहे की ती कुणा एका मुलीचा फोटो नाही. १९६०च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरातसंस्थेतले चित्रकार मगनलाल दहिया यांनी काढलेलं ते कल्पनेतलं चित्र आहे. तरी लोक मानायला तयार नाहीत, आणि चिन्हमीमांसेला रस आहे तो याच हट्टात. लोक एका सादृश्यचिन्हाला खूण समजून वाचत आहेत. “ही मुलगी कुठेतरी खरोखर होती, तिनं ही बिस्किटं खाल्ली आणि तिचे गाल असे झाले” असा पुरावा त्यांना चित्रात दिसतो. ज्या रेखाटनाला लोक फोटो मानून तिचा पत्ता शोधतात, त्यानं विश्वास किती खोल रुजवला आहे हे आणखी कशानं मोजायचं?

अक्षरांनाही हीच चाळणी लावा. अक्षर म्हणून ते संकेत आहे, पण त्याचं वळण बहुधा खूण असतं. तिरका कापलेला बोरू देवनागरीत जाड-बारीक रेषा उमटवतो. आज छापील लोगोतही तशी रेषा दिसली की हाताचं, जुनं, घरचं काहीतरी असल्याचा भास होतो. म्हणून मसाले, लोणची आणि पेढ्यांच्या डब्यांवर ती सापडते. सारख्या जाडीची देवनागरी बँका आणि मोबाईल ॲप वापरतात. मंगल हा संगणकावरचा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. अक्षरांवर अतोनात प्रेम करणाऱ्या माणसाचं ते काम. पण कार्यालयीन पत्रं आणि परिपत्रकं त्यात इतकी निघाली की आज तो दिसला की “सरकारी कागद” असं मनात येतं. हा अर्थ अक्षरांच्या आकारात नव्हता, तो वापरातून चिकटला. धंद्याच्या पत्रिकेवर टंक निवडताना हे ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी: व्यंग्यार्थ लिहा, पण प्रत्येक अर्थाला जामीन मागा

शाळेत शिकलेल्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती आठवा. पहिल्या पायरीत आपण अभिधेपुरतं लिहिलं. आता व्यंजना. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यानं १९६४ साली पान्झानी या ब्रँडची एक जाहिरात अशीच उलगडून दाखवली. चित्रात अर्धवट उघडी जाळीची पिशवी, पास्ताची पाकिटं, सॉसचा डबा, टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदे आणि मशरूम होते. त्याला त्यात नुकत्याच केलेल्या बाजाराचा ताजेपणा दिसला आणि लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांतून “इटलीपण” दिसलं. त्याचा पुढचा मुद्दा फार मोलाचा आहे: हे इटलीपण फ्रेंच माणसाला दिसणारं आहे. खुद्द इटलीतल्या माणसाला टोमॅटोत आपला देश दिसेलच असं नाही.

याच कारणानं रंगांचे तक्ते मला उपद्रवी वाटतात. “पिवळा म्हणजे आनंद, निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे ऊर्जा” असे तक्ते डिझाइनच्या वर्गांत आणि सादरीकरणांत बिनदिक्कत फिरतात. पिवळा म्हणजे जेजुरीचा भंडारा, नवरीची हळद, मुंबईच्या टॅक्सीचं छत, कावीळ आणि रस्त्याच्या कामाचा इशाराही. हिरवा म्हणजे चुडा आणि ओटीचा खण, दर्ग्यावरची चादर, आणि पाकिटावरचा शाकाहाराचा ठिपका. यांतला कोणता अर्थ जागा होईल ते रंगावर नाही, तो कोणत्या वस्तूवर, कशाच्या शेजारी आणि कोणापुढे आहे यावर ठरतं. निरमाची पावडर पिवळी होती आणि तिचा प्रतिस्पर्धी सर्फ निळा. त्या फळीवर पिवळ्याचा पहिला अर्थ “निळी नसलेली, दुसरी, आपल्याला परवडणारी” असा होता. पार्ले-जीच्या पट्ट्यांतला पिवळा वेगळा, तो गहू, दूध, लोणी आणि भाजलेल्या बिस्किटाच्या शेजारी बसतो.

म्हणून व्यंग्यार्थ लिहिताना प्रत्येक नोंदीसमोर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हा अर्थ कोणाला दिसेल? तो त्यांनी कुठून शिकला? हेच चिन्ह याच अर्थानं आणखी कुठे भेटतं? तिसऱ्या प्रश्नाला दोन तरी ठोस उदाहरणं मिळाली नाहीत, तर तो अर्थ बहुधा तुमचा एकट्याचा आहे. नोंद खोडू नका, पण तिच्यापुढे प्रश्नचिन्ह लावा.

चौथी पायरी: बदलून पाहा

सगळ्या पद्धतीतली ही सर्वांत कामाची पायरी. निम्मा वेळ हिलाच द्या.

कृती साधी आहे. चित्रातली एक गोष्ट, एकच, बदला. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. कोऱ्या कागदाच्या तुकड्यानं झाका, ट्रेसिंग पेपरवर पुन्हा काढा किंवा फोनवर रंग बदला. मग विचारा: अर्थ हलला का? हलला, तर ती गोष्ट अर्थ वाहते आहे. हलला नाही, तर ती सजावट आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही, म्हणून तो मोह आवरा.

निरमाच्या मुलीचा फ्रॉक लाल करा. गिरकी तशीच, आनंद तसाच, पण पावडरीचा पुरावा नाहीसा होतो. आता फ्रॉक पांढराच ठेवा आणि मुलीच्या जागी तिशीतली बाई उभी करा, पांढऱ्या साडीत. महाराष्ट्रात बहुतेकांना ती परिचारिका दिसेल, एखादी शिक्षिका किंवा नेता दिसेल, जुन्या पिढीला विधवा दिसेल. पांढऱ्या रंगाचा स्वच्छतेचा अर्थ लहान वयामुळेच निर्धोक राहिला होता, हे या एका बदलानं उघड होतं. तिसरा बदल: मुलगी तीच, पण गिरकी काढून तिला सरळ उभी करा. फ्रॉकचा घेर मिटतो आणि कपडा दिसायचा कमी होतो. गिरकीमुळे कापड जास्तीत जास्त पसरतं, म्हणजे पुराव्याचं क्षेत्रफळ वाढतं. नृत्य आनंदासाठी तर आहेच, ते मालाचं प्रात्यक्षिकही आहे.

बदलाची फार बोलकी जोडी बाजारानं स्वतःच आपल्याला दिली. निरमाच्या स्वस्ताईला उत्तर म्हणून सर्फनं ऐंशीच्या दशकात ललिताजी आणली. फिरणाऱ्या मुलीच्या जागी ठाम उभी असलेली गृहिणी. गाण्याच्या जागी युक्तिवाद. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक ती ग्राहकाला समजावून देते. या दोघींना वेगवेगळं वाचलं तर एक गोड मुलगी आणि एक हुशार बाई एवढंच हाती लागतं. शेजारी ठेवल्या की अक्ष दिसतात: बालपण आणि प्रौढत्व, गाणं आणि हिशेब, परिणामाचा आनंद आणि निवडीची जबाबदारी. अशा जोड्या वहीत दोन रकान्यांत लिहून काढा.

जाँ-मारी फ्लॉश या फ्रेंच अभ्यासकानं आयबीएम आणि ॲपलच्या लोगोंचं असंच जोडीनं वाचन केलं होतं. आयबीएमची तीन अक्षरं, आडव्या सरळ पट्ट्यांत कापलेली, एकाच रंगात. ॲपलचं जुनं सफरचंद एकसंध, वळणदार, अनेक रंगांच्या पट्ट्यांचं आणि एका बाजूनं चावलेलं. पट्टे दोघांकडे आहेत, म्हणूनच बाकी प्रत्येक बाबतीतला उलटेपणा ठळक होतो. अमूलची मुलगीही अशीच विरोधातून जन्मली. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ती घडवली, तेव्हा लोण्याच्या बाजारात पोल्सनचा दबदबा होता आणि पोल्सनची स्वतःची एक मुलगी होती. एका मुलीला उत्तर म्हणून दुसरी आली. निळे केस ही तिची सर्वांत अवास्तव गोष्ट. ते काळे करून पाहा. ती कुणाच्याही घरातली एक मुलगी होते आणि रोजच्या घडामोडींवर शेरे मारायचा तिचा परवाना थोडा कमी होतो, असं माझं वाचन आहे. तुमचं वेगळं असेल तर बदल करून तपासा.

आता लिंग बदला. तिन्ही वेष्टणांवर मुलगा काढा. इथे तुलनेला गट्टू आहे: आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला, हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला पोरगा. तो खोडकर आहे, पसारा करणारा आहे, आणि रंगाच्या धंद्यात पसारा खपून जातो. खाणं आणि कपडे यांच्यावर मुलगी, घराच्या भिंतीवर डबा घेऊन मुलगा. ही वाटणी योगायोग आहे की सवय, हे तुमच्या नमुन्यांच्या फळीवर मोजून पाहण्याजोगं आहे.

कधी कधी कंपनीच जाहीरपणे बदलाची चाचणी करते. फेअर अँड लव्हली हे नाव १९७५ पासूनचं. २०१९ मध्ये कंपनीनं वेष्टणावरचे दोन चेहरे आणि त्वचेच्या छटांची पट्टी काढली, आणि २०२० मध्ये नाव ग्लो अँड लव्हली झालं. आधी आणि नंतर असे दोन चेहरे होते तेव्हा अर्थ त्यांच्यामधल्या अंतरात होता: सावळं हे सुरुवातीचं ठिकाण, गोरं हे पोचायचं ठिकाण. एक चेहरा काढला की ती वाट चित्रातून पुसली जाते. पण नावातला “लव्हली” राहतो, गुलाबी रंग राहतो आणि जुनी ओळख राहते. कोणता अर्थ गेला आणि कोणता शिल्लक उरला, हे दोन्ही वेष्टणं शेजारी ठेवून नोंदवा. ज्या मुलींना लहानपणापासून रंगावरून ऐकावं लागलं, त्यांच्यासाठी हा प्रश्न वर्गातल्या सरावाचा नाही. म्हणून तो नीट, पुराव्यासकट वाचला गेला पाहिजे.

पाचवी पायरी: शब्द झाका, मग चित्र झाका

बार्तनं शब्द आणि चित्र यांचं नातं दोन प्रकारचं सांगितलं. पहिल्यात शब्द नांगरासारखे काम करतात: चित्राचे अनेक अर्थ होऊ शकत असताना एकाला धरून ठेवतात. दुसऱ्यात दोघं एकमेकांना पुरे करतात आणि अर्थ दोघांच्या बेरजेत असतो.

तपासायला हाताचा पंजा पुरे. पार्ले-जीच्या पुड्यावरचा मजकूर झाका: मुलगी गोड दिसते, पण ती बालआहाराची, साबणाची किंवा बालवाडीची असू शकते. ग्लुकोज आणि बिस्किट हे शब्द परत आले की गाल पोषणाचे होतात. शब्दांनी नांगर टाकला. आता अमूलचं एखादं होर्डिंग घ्या. शब्द झाकले तर कोणत्या बातमीवर शेरा आहे तेच कळत नाही. चित्र झाकलं तर शब्दांचा खेळ लोण्यापर्यंत पोचत नाही. इथे दुसरा प्रकार आहे. आपल्या ब्रँडचं चित्र शब्दांशिवाय एकटं उभं राहावं अशी अपेक्षा असेल, तर ही चाचणी छपाईच्या आधी करा.

सहावी पायरी: पाहणाऱ्याला कुठे उभं केलं आहे?

ही पायरी थोडक्यात उरकता येते. पात्र तुमच्याकडे बघतं, दुसरीकडे बघतं की डोळे मिटतं? कॅमेरा किंवा चित्रकाराची नजर वरून आहे की खालून? थेट नजर काही मागते. वळलेली नजर तुम्हाला निवांत बघू देते. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यांसाठी डावीकडे ओळखीचं आणि उजवीकडे नवं ठेवण्याची पद्धत आढळते. उर्दू जाहिरातींत ती उलटी असू शकते, म्हणून तिला नियम मानू नका. आपल्या तिन्ही मुली पाहणाऱ्याला मोठा करतात. लहान मूल समोर आलं की आपण आपोआप पालक होतो, आणि पालक वस्तू जपून निवडतो.

सातवी पायरी: चित्र काय “साहजिक” ठरवतं ते शोधा

बार्तनं याला मिथक म्हटलं. त्याचं उदाहरण पारी-मॅच या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचं: फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णी तरुण, नजर वर, सलाम करतो आहे. दिसतं ते एवढंच. पण सुचवलं जातं ते असं की फ्रान्सचं साम्राज्य सर्वांचं आहे आणि त्याची सेवा सगळे मनापासून करतात. वसाहतींचा सगळा इतिहास त्या सलामामागे विरून जातो.

आपल्याकडचं अभ्यासण्याजोगं उदाहरण एअर इंडियाचा महाराजा. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो मुंबईत घडवला. पगडी, मोठ्या मिशा, छातीवर हात, कमरेत वाकलेला. बदलाची चाचणी लावा. पगडी काढून टोपी घातली तर तो हॉटेलचा नोकर होतो. वाकणं काढून सरळ उभा केला तर तो दरबारातला राजा होतो. अर्थ दोघांच्या जोडणीत आहे: राजाच प्रवाशापुढे वाकतो. थोड्याच काळात संस्थानं विलीन होऊ लागली, १९७१ मध्ये तनखेही रद्द झाले, आणि विमानातला महाराजा मात्र वाकतच राहिला. खऱ्या राजांची सत्ता जाण्याचा संघर्ष चित्रात नाही. उरला तो फक्त त्यांच्या थाटाचा पाहुणचार, परदेशी प्रवाशाला ओळखीच्या वाटणाऱ्या हिंदुस्थानच्या रूपात. यात रेषेचं सौंदर्य कमी होत नाही. ते चित्र मला फार उत्तम वाटतं. पण ते काय विसरायला लावतं, हेही लिहिलं पाहिजे.

या पायरीवर एकच वाक्य पूर्ण करायचं असतं: “हे चित्र पाहिल्यावर ... ही गोष्ट नेहमीचीच वाटते.” निरमासाठी माझं वाक्य असं: धुण्याचे कष्ट कुणालाच करावे लागत नाहीत, ही गोष्ट नेहमीचीच वाटते.

आठवी पायरी: काळाची रेघ ओढा

चिन्हं मावळतात, रुळतात, उगवतात. फळीवरच्या प्रत्येक चिन्हासमोर या तिन्हींपैकी एक शब्द लिहा. नव्या शतकाच्या सुरुवातीला गट्टू निवृत्त झाला, कारण रंग विकणं म्हणजे डबा विकणं राहिलं नव्हतं, सजलेलं घर विकणं झालं होतं. एअर इंडियानं २०२३ मध्ये सोनेरी खिडकीच्या चौकटीची नवी ओळख आणली. याउलट पार्ले-जीची मुलगी बदलली नाही, पण २०२० च्या टाळेबंदीत तोच पुडा रस्त्यानं पायी निघालेल्या मजुरांच्या हातात वाटला गेला, आणि बालपणाच्या चहाबरोबर त्याला तगून राहण्याचाही अर्थ जोडला गेला. चित्र तेच राहूनही अर्थ बदलू शकतो, म्हणून जुनं विश्लेषण आज पुन्हा वापरताना तारीख बघा.

नववी पायरी: लोकांना दाखवा आणि लिहून काढा

वेगवेगळ्या वयाच्या आणि वस्तीच्या काही जणांना चित्र दाखवा. “ही निरागस वाटते का?” असं विचारू नका. “हे काय आहे? कुणाचं असेल? कुठे पाहिलंय?” असं विचारा आणि त्यांचेच शब्द जसेच्या तसे टिपा. उत्तरं तुमच्या वाचनाशी जुळली नाहीत, तर ती तुमच्या नोंदीत तुमच्या मताच्या वर लिहा.

अहवालात प्रत्येक निष्कर्षाची नोंद एकाच साच्यात असावी. नमुन्यादाखल निरमाची एक:

दावा: पांढरा फ्रॉक स्वच्छतेचं वर्णन करत नाही, तिचा पुरावा देतो.
आधार: फ्रॉकचा रंग, फुललेला घेर, चित्रात धुण्याची अनुपस्थिती.
बदल: फ्रॉक लाल केला की पुरावा जातो, गिरकी काढली की तो कमी होतो, मुलीच्या जागी प्रौढ स्त्री आणली की पांढऱ्याचा अर्थच पालटतो.
शेजारी: निळा सर्फ, युक्तिवाद करणारी ललिताजी.
दुसरं शक्य वाचन: मुलगी स्वतः ग्राहक नाही, ती आईच्या कष्टाचं फळ आहे.
तपासायचं राहिलं: धुणं-भांडी करून घर चालवणाऱ्या बायकांना या चित्रात काय दिसतं.